पांढरी पडलेली नळी

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता : थंडीच्या अंकासाठी घरातल्या गरम पाण्यावर लिहा, आणि पुण्या-मुंबईचं नको. मी इचोडा निवडलं. तेलंगणात थंडीची बातमी आली की पहिलं नाव आदिलाबाद जिल्ह्याचं असतं, आणि आदिलाबादहून निर्मलकडे जाताना गुडीहत्नूर मागे पडलं की लागणाऱ्या या गावात मराठीवर काम भागतं. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे जिल्ह्याचे तुकडे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकीचा भाग आंध्र प्रदेशात गेला. बाजारात अजून मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच दुकानासमोर ऐकू येतात.

ज्या घरी उतरलो तिथे मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, आणि भिंतीला टेकून पऱ्हाट्यांची गंजी. हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की शेतातली पऱ्हाटी उपटून आणायची आणि वर्षभर चुलीत, बंबात घालायची. गच्चीवर मात्र सोलर. गावात या यंत्राला दुसरं नाव नाही. ‘सोलर’ म्हटलं की पंधरा काळ्या नळ्या आणि वर आडवी टाकी.

यंत्र बघायला मी दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीच्या मागोमाग गच्चीवर गेलो. सकाळचे दहा वाजले होते, ऊन अंगावर येऊ लागलं होतं. मिस्त्रीनं पिशवी ठेवली आणि काहीच न उघडता एकेका नळीवरून तळहात फिरवत गेला. मलाही लावायला सांगितलं. काच गार. आत पाणी तापत होतं, बाहेर डिसेंबरची गार काच. अकराव्या नळीशी त्याचा हात थांबला. ती कोमट होती. “हीच,” तो म्हणाला.

नळीला दोन भिंती असतात, एकात एक काचेच्या दोन नळ्या. मधली हवा काढून घेतलेली. आतल्या काचेवर काळा लेप, तो ऊन पितो. मधे हवाच नाही म्हणून ती ऊब बाहेर पडायला वाट नाही. चहाच्या थर्मासचीच युक्ती, फक्त इथे काच पारदर्शक ठेवली म्हणजे ऊन आत येतं. जेम्स ड्यूअरनं १८९२ च्या सुमारास थर्मास केला. त्याच्या वर्षभर आधी बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेटीचं पेटंट घेतलं होतं. दोन्ही कल्पना एकत्र येऊन स्वस्त व्हायला जवळपास शतक गेलं. तो लेप चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठात १९८० च्या दशकात जमला.

पण मला वेड लावलं ते पाण्याच्या चालीनं. २० अंशांचं एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांचं ९८३. पंधरा ग्रॅमचा फरक. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चालतो : पंप नाही, मोटार नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन नळीच्या वरच्या अंगानं टाकीत चढतं, गार पाणी त्याच नळीच्या खालच्या अंगानं उतरतं. अडीच लिटरच्या नळीत एकाच वेळी दोन वाटा. टाकीतही गरम वर, गार खाली असे थर राहतात. गरम पाणी वरून घ्यायचं, गार खालून भरायचं. शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागली असती.

डिसेंबरात सूर्य इथे भर दुपारीही ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून सांगाडा दक्षिणेला तोंड करून चांगला तिरपा. मे महिन्यात, साध्या नळाचं पाणीच चटके देतं तेव्हा, यावर गोणपाट टाकतात.

२०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर असे तापक बसवायचं ठरलं होतं. अनुदान होतं, पुढे ते बंद झालं. कागदावर चौरस मीटर मोजले गेले, नळ्या कोण बदलणार हे कुणी मोजलं नसावं.

मिस्त्रीनं अकरावी नळी काढायला घेतली. आधी टाकीचा गार पाण्याचा कॉक बंद केला. मग खालचा प्लॅस्टिकचा पेला सोडवला आणि मला नळीचं टोक दाखवलं. चांगल्या नळीच्या बुडाला आरशासारखी चांदी असते. ती बेरियमची, आत चुकून उरलेला वायू शोषून घेते. हवा शिरली की चांदी पांढरी पडते. ही दुधासारखी पांढरी होती.

“फुटली नाही, तरी मेली,” तो म्हणाला. “आन् हातात घेऊन पाहा.”

नळी जड होती. उलटी केली तर तळातून चुन्यासारखा गाळ पडला, पाठोपाठ अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. बोअरचं पाणी. तापलं की त्यातले क्षार सुटतात आणि खाली बसतात. भगोण्याच्या बुडाशी दिसतो तोच पांढरा थर. वर्षातून एकदा नळ्या धुवायच्या असतात हे विकणारा सांगत नाही, आणि सांगितलं तरी धुणार कोण? नळी टाकीत जाते तिथली सिलिकॉनची रिंग कडक झालेली असते, ओढाताणीत काच जाते. साबणाचं पाणी लावून, पिळत पिळत बाहेर काढावी लागते.

माकडांची कथा निराळी. निर्मल जिल्ह्यात चिंचोलीला २०२० साली माकडांसाठी पुनर्वसन केंद्र काढावं लागलं, यावरून काय ते समजा. माकड नळीवरून उडी मारतं, एक नळी फुटते, आणि त्या एका भोकातून गरम टाकी रिकामी होते. वरची साठवणीची टाकीही मागोमाग रिकामी होत राहते, कुणी कॉक बंद करेपर्यंत. आणि घाईघाईत भर दुपारी कोरड्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर उरलेल्यातल्या दोन-चार तडकतात. पाणी भरायचं ते सूर्य उगवायच्या आधी.

मिस्त्रीच्या पिशवीत नवी नळी नव्हती. भोकाला बूच मारून टाकी चालू करता आली असती, पण बूच घरी राहिलं होतं. नळी आदिलाबादहून आणायची. बसनं नाही, फुटते. मोटारसायकलवर पाठीला उभी बांधून.

खालून आजींनी विचारलं, “बाबू, उद्या पहाटे पाणी मिळंल का?”

“परवा, माय.”

आजी काही बोलल्या नाहीत. गंजीतून हातभर पऱ्हाट्या ओढून त्यांनी गुडघ्यावर मोडायला सुरुवात केली, आणि बंबात साचलेली जुनी राख काढायला नातवाला हाक मारली.