कॅल्क्युलेटर अक्षर काढतो, पण कोणत्या पिशवीतून?

‘नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतं. व्हायव्हामध्ये परीक्षक यावर एकच प्रश्न विचारतात: यादृच्छिक म्हणजे नेमकं कसं? उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या सगळ्या आकडेमोडीवर शंका येते. आज हे आपण एका खेळातून समजून घेऊ. समजा, इंग्रजी शब्दखेळ खेळायचाय, पण सोंगट्या हरवल्यात. हाताशी फक्त कॅल्क्युलेटर आहे. त्याच्याकडून प्रत्येक खेळाडूला सात अक्षरं कशी काढून घ्याल?

पहिला प्रयत्न: सगळ्या अक्षरांना समान संधी

कॅसिओच्या एफएक्स-८२एमएस या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘रॅन#’ ही सोय असते. ती ०.००० ते ०.९९९ यांतली एक संख्या देते. तिला २६ ने गुणा, दशांशचिन्हापुढचे आकडे सोडून द्या आणि १ मिळवा. १ आलं तर ए, २६ आलं तर झेड. झालं काम!

पण जरा थांबा. ‘रॅन#’ची शक्य उत्तरं १००० आणि अक्षरं २६. १००० ला २६ ने नि:शेष भाग जात नाही, १२ उरतात. म्हणजे १२ अक्षरांच्या वाट्याला ३९ उत्तरं येतात, उरलेल्या १४ अक्षरांच्या वाट्याला ३८. थोडक्यात, काही अक्षरांना इतरांपेक्षा साधारण २.६ टक्के जास्त संधी मिळते. हा पूर्वग्रह खरा आहे, पण खेळताना तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. २६ अक्षरांत स्वर फक्त पाच. सातही वेळा व्यंजनच येण्याची शक्यता २१/२६ चा सातवा घात, म्हणजे सुमारे २२ टक्के. दर पाच खेळाडूंमागे साधारण एकाच्या हातात एकही स्वर नाही. तो शब्द काय करणार? यंत्र अगदी चोख असतं तरी हे असंच झालं असतं. चूक यंत्राची नाही, आपण पिशवीच चुकीची भरली.

दुसरा प्रयत्न: पिशवी नीट भरणं

स्क्रॅबल या खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्यावरून कुठलं अक्षर किती वेळा ठेवायचं हे ठरवलं. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई १२ वेळा, ए आणि आय प्रत्येकी ९ वेळा आणि क्यू एकदाच येतं. दोन सोंगट्या कोऱ्या. एस मात्र मुद्दाम चारच, नाहीतर अनेकवचनं करून गुण मिळवणं फार सोपं झालं असतं. म्हणजे वाटा ठरवताना मोजणी लागते, तसा हेतूही लागतो.

आता ‘रॅन#’ला १०० ने गुणा. गंमत बघा, १००० ला १०० ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक सोंगटीला बरोबर १० उत्तरं मिळतात. मघाचा पूर्वग्रहही गेला. टीआय-८४ प्लससारख्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर तर शंभर चिन्हांची एक ओळ साठवा, ‘रँडइंट’ने १ ते १०० मधली संख्या काढा आणि ‘सब’ या आज्ञेने त्या जागेवरचं चिन्ह उचला. सातांत ना स्वर ना कोरी सोंगटी, असं होण्याची शक्यता आता ०.५६ चा सातवा घात, म्हणजे सुमारे १.७ टक्के. कुठे २२ आणि कुठे १.७!

तिसरा प्रश्न: काढलेली सोंगटी परत टाकायची का?

वरच्या प्रोग्रॅममध्ये एका हातात दोन क्यू येऊ शकतात. खऱ्या पिशवीत ते अशक्यच, कारण काढलेली सोंगटी आपण परत टाकत नाही. उपाय सोपा आहे. एका यादीत १ ते १०० लिहा, दुसऱ्या यादीत १०० यादृच्छिक संख्या भरा, दुसरी यादी चढत्या क्रमाने लावा आणि पहिलीलाही तिच्याबरोबर हलू द्या. टीआयवर हे ‘सॉर्टए’ या एकाच आज्ञेत होतं. मग वरून सात-सात उचलत जा. आता तीच शक्यता सुमारे १.४ टक्क्यांवर येते.

चौथी गोष्ट: बीज

कॅल्क्युलेटरच्या संख्या सूत्रातून येतात. टीआयवर ‘रँड’मध्ये ० साठवलंत, तर पुढची संख्या ०.९४३५९७४०२५ च येते, कुणीही करून बघावं. खेळात हा तोटा, कारण रिसेट केलेले दोन कॅल्क्युलेटर तीच अक्षरं देतील. संशोधनात मात्र फायदा. बीज नोंदवून ठेवलंत तर तुमची निवड दुसऱ्याला जशीच्या तशी पुन्हा करता येते.

आता तुमच्या प्रबंधाकडे

जिल्ह्यातली ४० गावं निवडायची आहेत, असं समजा. चिठ्ठ्या टाकल्यात तर ३०० वस्तीच्या आणि ८००० वस्तीच्या गावाला सारखीच संधी मिळते. प्रश्न गावांबद्दल असेल तर हे योग्य आहे, माणसांबद्दल असेल तर वस्तीच्या प्रमाणात वाटा द्यावा लागेल किंवा विश्लेषणात भार द्यावा लागेल. हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, तुम्ही ठरवता. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी लिहाच: यादी कोणती, प्रत्येकाची संधी किती, निवडलेला घटक परत यादीत टाकला का, आणि बीज कोणतं.

जाता जाता एक गृहपाठ. हाच खेळ मराठीत करायचा तर पिशवीत काय टाकाल? ‘क’ आणि ‘कि’ एकच सोंगटी की दोन? ‘क्ष’चं काय? प्रोग्रॅम लिहायच्या आधी कागदावर उत्तर लिहून बघा. तुमच्या संशोधनात ‘एक घटक’ म्हणजे काय, हा प्रश्नही असाच सोडवायचा असतो.