नकाशांच्या नोंदपत्रांत नवे रकाने कसे जोडावे

नवी विहीर खोदण्यापूर्वीं आसपासच्या विहिरींचें पाणी किती खोलीवर आहे, याची चौकशी प्रत्येक शहाणा शेतकरी करतो. अलीकडे ही माहिती नकाशांवरहि मिळूं लागली आहे. परंतु नकाशावर एखाद्या विहिरीपाशीं ‘९ मीटर’ असा आंकडा असला, तर त्यावरून काय समजावें ? ही मोजणी आश्विनांतील कीं वैशाखांतील ? दोरी जमिनीपासून धरली होती कीं विहिरीच्या कठड्यापासून ? कठडा एक मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखालीं आठच मीटरांवर होतें. आणि मोजणी पावसाळा संपतांच झाली असेल, तर उन्हाळ्यांत तेंच पाणी पुष्कळ खालीं जाणार. नकाशा खरा, आंकडाहि खरा. तरी त्यावर विसंबून काढलेलें कर्ज मात्र पाण्यावांचून बुडालें, असें होऊं शकतें. येथें उणीव नकाशांत नसून त्याच्यासोबत असावयाच्या टिपणांत आहे.

या टिपणास ‘मेटाडेटा’ म्हणतात. आपण त्यास नोंदपत्र म्हणूं. नकाशा कोणीं केला, केव्हां केला, कोणत्या प्रदेशाचा केला, तो कोणास वापरतां येईल, इत्यादि गोष्टी नोंदपत्रांत लिहिलेल्या असतात. हजारों नकाशांचीं नोंदपत्रें एकत्र ठेवून हवें तें चटकन् शोधतां यावें, यासाठीं संगणकावर सूचि ठेवण्याच्या प्रणाली निघाल्या आहेत. त्यांपैकीं ‘जिओनेटवर्क’ ही प्रणाली आपल्या धंद्याच्या जवळची आहे. कारण संयुक्त राष्ट्रांच्या रोम येथील अन्न व शेती संघटनेनें २००१ सालीं तिच्या कामास आरंभ केला. पुढें जागतिक अन्न कार्यक्रम व पर्यावरण कार्यक्रम या संयुक्त राष्ट्रांच्याच शाखांनीं त्यांत हात घातला. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. म्हणजे ती घेण्यास दाम पडत नाहीं, तिची आंतील रचना कोणासहि पाहतां येते, आणि आपल्या गरजेप्रमाणें तींत भरहि घालतां येते. ही भर कशी घालावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नोंदपत्रांत कोणकोणते रकाने असावे, त्यांपैकीं सक्तीचे कोणते व ऐच्छिक कोणते, हें ठरविणाऱ्या नमुन्यास ‘स्कीमा’ म्हणतात. वाचकांस गांव नमुन्यांची ओळख आहेच. नमुना ७ मध्यें हक्क, नमुना १२ मध्यें पिकें, नमुना ६ मध्यें फेरफार; ही वांटणी गांवोगांव एकच असल्यामुळें कोणत्याहि गांवचें दप्तर दुसऱ्या गांवच्या माणसास वाचतां येतें. नकाशांच्या बाबतींत असाच सर्व जगाचा नमुना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें २००३ सालीं ‘आयएसओ १९११५’ या क्रमांकानें ठरविला. तो संगणकावर कसा लिहावा, हें सांगणारा १९१३९ क्रमांकाचा जोडनमुना २००७ मध्यें आला. मूळ मानकाची सुधारलेली आवृत्ति २०१४ मध्यें निघाली. याहून आटोपशीर असा ‘डब्लिन कोअर’ नांवाचा नमुना आहे; त्यांत पंधराच रकाने असतात. जिओनेटवर्क हे सर्व नमुने चालविते.

आतां असें समजूं कीं, एखाद्या शेतकरी संघानें आपल्या तालुक्यांतील विहिरींच्या व मातीच्या नकाशांची सूचि करावयाचें मनावर घेतलें. पहिल्याच बैठकींत सभासद दहा-पंधरा नवे रकाने सुचवितील. त्या वेळीं प्रथम हें पाहावें कीं, हवी असलेली गोष्ट लिहिण्यास मूळ नमुन्यांत जागा आहे कीं नाहीं. बहुधा ती असते. मोजणी कोणत्या काळाची, हें लिहिण्यास कालव्याप्तीचा रकाना आहे. तेव्हां ‘ऋतु’ असा निराळा रकाना नको. माहिती कोणत्या रीतीनें गोळा केली, हें सांगण्यास पूर्वेतिहासाचा रकाना आहे. पिकांच्या नांवांसाठींहि रकाना वाढविण्याचें कारण नाहीं. पारिभाषिक शब्दांचा कोश प्रणालीस जोडून त्यांतील शब्द निवडले म्हणजे झालें. अन्न व शेती संघटनेचा ‘ॲग्रोव्हॉक’ हा शेतीविषयक कोश याच कामाचा आहे. कोश वापरल्यानें एकानें ‘हरभरा’ व दुसऱ्यानें ‘चणा’ लिहून एकच पीक दोन ठिकाणीं विभागलें जात नाहीं.

एवढी चाळणी लावल्यावर जें उरेल, तेंच खरें उणें. आमच्या उदाहरणांत ‘मोजणी कोठून धरली व तें स्थान जमिनीपासून किती उंच होतें’ ही गोष्ट उरते. ती पूर्वेतिहासाच्या मजकुरांत लिहितां येईल. परंतु तेथें ती लिहिलीच पाहिजे अशी सक्ती करतां येत नाहीं, आणि तेवढ्यावरून नकाशे निवडतांहि येत नाहींत. म्हणून तिला स्वतंत्र रकाना द्यावा.

रकाना जोडण्याचे नियम मूळ मानकांतच घालून दिले आहेत. नवा रकाना किंवा रकान्यांचा नवा गट जोडतां येतो; ठराविक पर्यायांच्या यादींत नवा पर्याय घालतां येतो; ऐच्छिक रकाना सक्तीचा करतां येतो; आणि एखाद्या रकान्यांत लिहावयाच्या मजकुरावर अधिक कडक मर्यादा घालतां येते. उलट, मूळ रकान्याचें नांव, अर्थ किंवा प्रकार बदलतां येत नाहीं. सक्तीचा रकाना ऐच्छिकहि करतां येत नाहीं. सारांश, कडक होण्यास मुभा आहे, सैल होण्यास नाहीं. आपल्याकडे नमुना ६ तसाच ठेवून विवादग्रस्त प्रकरणांसाठीं ६-अ व वारसांच्या प्रकरणांसाठीं ६-क हे नमुने जोडले, आणि कुळांच्या नोंदीसाठीं ७-अ निघाला, त्यांतील धोरण हेंच होय. शिवाय मानकाची अशी अपेक्षा आहे कीं, जोडलेल्या प्रत्येक रकान्याचें नांव, व्याख्या, सक्ती, तो कोणत्या मूळ घटकाखालीं येतो, आणि तो कां जोडला, हें सर्व लिहून ठेवावें. जोडणारे गेल्यावरहि नोंद बोलती राहावी, हा यांतील हेतु.

जिओनेटवर्कमध्यें हें काम प्रत्यक्ष असें होतें. प्रत्येक नमुना ‘स्कीमा प्लगइन’ नांवाच्या स्वतंत्र दप्तरांत बांधलेला असतो. आपण मूळ दप्तरास हात न लावतां त्याच्या आधारानें निराळें दप्तर करावयाचें. त्यांत प्रथम ओळखपत्र असतें. नमुन्याचें नांव, आवृत्ति, आणि आलेलें नोंदपत्र याच नमुन्याचें आहे हें ओळखण्याची खूण त्यांत लिहितात. दुसरें अंग रचनेचें. नवा रकाना कोठें बसतो, हें तेथें ठरतें. तिसऱ्या अंगांत रकान्यांचीं नांवें व खुलासे भाषावार ठेवलेले असतात, म्हणून मराठी नांवेंहि तेथें देतां येतात. चौथें अंग तपासणीच्या नियमांचें, ज्यांस ‘स्कीमाट्रॉन’ म्हणतात. ‘पाण्याची खोली दिली असेल, तर मोजणीचें स्थान रिकामें नसावें’ असा नियम तेथें लिहिला, म्हणजे अपुरें नोंदपत्र प्रणाली सदोष म्हणून दाखविते. पांचवें अंग अनुक्रमणिकेचें. नवा रकाना येथें नोंदविण्याचें राहिलें, तर तो लिहितां येईल, वाचतां येईल, पण शोधांत सांपडणार नाहीं. सहावें अंग रूपांतराचें आहे, आणि त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होतें.

रूपांतराची गरज अशी. एका ठिकाणची सूचि दुसऱ्या ठिकाणच्या सूचींतून नोंदपत्रें आपोआप गोळा करते. या रीतीस त्या शास्त्रांत ‘हार्वेस्ट’, म्हणजे कापणी, असाच शब्द आहे. आपला खास रकाना दूरच्या सूचीस ठाऊक नसतो. म्हणून आपलें नोंदपत्र मागणाऱ्यास मूळ मानकाच्या रूपांत देण्याची व्यवस्था ठेवावी लागते, आणि त्या रूपांतरांत खास रकान्यांतील मजकूर टाकून न देतां पूर्वेतिहासाच्या रकान्यांत वाक्यरूपानें उतरवावा. १९१३९ च्या पद्धतींत तर नव्या घटकावर ‘आयएसओटाइप’ अशी खूण देऊन तो कोणत्या मूळ घटकाच्या जागीं आला आहे, हें सांगतां येतें. एवढें केलें म्हणजे परक्या सूचीसहि मोजणी कठड्यापासून झाली हें कळतें. न केलें, तर ‘९ मीटर’ हा आंकडा पुन्हां एकटाच प्रवासास निघतो.

ही केवळ कल्पना नाहीं. ऑस्ट्रेलियांतील सागरी संशोधकांनीं याच मानकावर ‘मरीन कम्युनिटी प्रोफाइल’ नांवाचा विस्तृत नमुना रचून जिओनेटवर्कमध्यें वापरला. समुद्रावरील मोजणीच्या गरजा निराळ्या, म्हणून त्यांनीं भर घातली. परंतु खालचा पाया सर्वांचा तोच राखला.

तथापि प्रत्येक नवा रकाना हें एक कायमचें ओझें आहे, हें विसरूं नये. प्रणालीची नवी आवृत्ति निघाली कीं, आपलें दप्तर तिच्याशीं जुळतें कीं नाहीं हें तपासावें लागतें; जुळत नसेल तर दुरुस्त करणारा जाणकार लागतो. असा माणूस नसेल, तर संघ एकतर जुन्याच आवृत्तीवर अडकून पडतो किंवा आपल्याच नोंदी वाचण्यास मुकतो. दहा रकाने जोडून ते रिकामे ठेवण्यापेक्षां दोन जोडून ते प्रत्येक वेळीं भरणें अधिक हिताचें.

म्हणून ज्या संघांस हें काम करावयाचें असेल, त्यांनीं आधीं आपल्याजवळच्या दहा नकाशांचीं नोंदपत्रें मूळ नमुन्यांतच भरून पाहावीं. भरतांना जेथें वारंवार अडेल, तेवढीच जागा कागदावर टिपावी, तिची व्याख्या दोन ओळींत लिहावी, आणि मग ती जाणकाराच्या हातीं द्यावी. शेतकऱ्यांनीं आपल्या बाजूनें नकाशा पाहतांना आंकड्याआधीं नोंदपत्र मागण्याची संवय लावून घ्यावी. मागणारा असला, म्हणजे लिहिणाराहि काळजीनें लिहितो.