चालू मशीनला हात का लावायचा?

अंबाजोगाईत बोलायला उभं राहिलं की मुकुंदराज आणि दासोपंत यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आजचा विषय मात्र विंडोजचा आहे. दासोपंतांकडे आम्ही थोड्या वेळाने येतोच.

बीडला तहसीलसमोर जा, माजलगावला जा, केजला, गेवराईला जा. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म अशी पाटी असलेल्या दुकानात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर असतोच. त्यावर विंडोज 7 असते, क्वचित एक्सपीसुद्धा. आम्ही दुरुस्तीला जातो, शिकवायलाही जातो, आणि दर वेळी म्हणतो, "भाऊ, आता नवीन टाकून घ्या." उत्तर ठरलेलं आहे: "सर, चालू मशीनला कशाला हात लावता?"

पूर्वी आम्हाला हा निव्वळ आळस वाटायचा. आता वाटत नाही. या नकारामागे खरी कारणं आहेत. ती न समजून घेता दिलेला सल्ला लोक ऐकत नाहीत, आणि एखाद्याने ऐकलाच तर त्याचं नुकसान होतं. आमच्या हातून असं नुकसान झालेलं आहे, म्हणून हे सांगायला आलोय.

14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 ला मिळणारी सुरक्षा अपडेट बंद झाली. त्यानंतर महिन्याभरात जिल्ह्यातल्या एका छापखान्यात आम्ही गेलो. लग्नपत्रिका, हँडबिलं, एक साप्ताहिक, असा त्यांचा पसारा. आम्ही डी ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली काढून ठेवल्या, सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला, विंडोज 10 टाकली, फाइली परत ठेवल्या, चहा घेतला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "सर, सगळ्या पत्रिका इंग्रजीत गेल्या. आणि तसलं इंग्रजीही कुणाला वाचता येईना." लग्नसराईचे दिवस होते.

झालं काय होतं? हे नीट समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून इथं जरा थांबू.

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता आधी ठरलेला असतो. इंग्रजीचा तक्ता जगभर एकच होता. देवनागरीचा सर्वांनी मानलेला तक्ता दुकानांत पोचायच्या आधीच आपल्याकडे डीटीपी सुरू झालं होतं. मग एक युक्ती निघाली. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे ठेवायचे, आणि फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायची. कृतिदेव फाँटमध्ये 'बीड' लिहिलं तर फाइलमध्ये काय साठतं? इंग्रजी छोटा सी, छोटा एच आणि मोठा एम. एवढंच. 'मराठी' लिहिलं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच. फाँट आहे तोवर पडद्यावर बीड दिसतं. फाँट गेला की उरतं सी, एच, एम.

आता ते फाँट राहतात कुठं? विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर. त्याच ड्राइव्हला आम्ही फॉरमॅट मारला होता. फाइली सगळ्या शाबूत, एकही बाइट हरवला नव्हता, आणि वाचता येणारा शब्द एकही नव्हता. मूळ सीडी मालकांना सापडेना. परळीच्या एका छापखानेवाल्यांकडून त्याच नावाचा फाँट आणला, तर त्याची आवृत्ती वेगळी. जोडाक्षरं भलतीच उमटायला लागली.

त्यात आणखी एक अडचण म्हणजे लॉक. मराठी टायपिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरसोबत एक लहानसं हार्डवेअर लॉक यायचं; ते मागे लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नसे. जुनी लॉकं प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागायची, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. यूएसबीचं लॉक असलं तरी त्याचा 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिट विंडोज स्वीकारत नाही. डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम ज्या पतसंस्थांकडे किंवा आडत दुकानांत अजून आहेत, त्यांचीही हीच गत. 64 बिट विंडोजवर 16 बिटचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते.

म्हणजे बघा, इंग्रजीत काम करणाऱ्याला विंडोज बदलणं म्हणजे घराला रंग देणं असेल. आपल्या डीटीपीवाल्याला ते घर बदलण्यासारखं आहे, आणि नव्या घराला त्याची जुनी किल्ली लागत नाही.

तुम्ही म्हणाल, युनिकोड आहे की आता. आहे, आणि फार आधीपासून आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तिच्यात देवनागरी होती. त्या तक्त्यात ब म्हणजे 2348, दीर्घ वेलांटी म्हणजे 2368, ड म्हणजे 2337. फाँट कुठलाही लावा, बीड बीडच राहतं. विंडोज 2000 पासून तर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट विंडोजसोबतच येतो. मग लोक तेव्हाच का वळले नाहीत? एक साधं कारण सांगतो. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. तालुक्याच्या दुकानात सीडी कुठली? ज्याने असेंबल करून दिलं, तो घेऊन गेलेला. शिवाय पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळतच नव्हती, आणि छपाईचं सगळं काम पेजमेकरमध्ये. दारं उघडी होती, पण वाट नव्हती.

आता दासोपंत. इथं, याच गावात, त्यांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले दासोपंत. सुमारे 40 फूट लांब कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं. कापड जीर्ण झालंय, पण जिथं अक्षर टिकलंय तिथं ते वाचायला फक्त देवनागरी यावी लागते. 1998 च्या लग्नपत्रिकेची फाइल वाचायला मात्र ठरावीक फाँट, त्याची ठरावीक आवृत्ती आणि तो चालवणारा जुना कॉम्प्युटर लागतो. जुनं मशीन सांभाळून बसलेला माणूस वेडा नाही, मंडळी. त्याच्या परीने तो हस्तलिखित सांभाळतोय.

दुसरं कारण हंगामाचं. सेवा केंद्रावर जुलै महिना कसा असतो ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा रांगा दारापर्यंत होत्या. वीज असेल तेव्हा पोर्टल नसतं, पोर्टल चालतं तेव्हा अंगठ्याचं मशीन रुसतं. अशात पडद्यावर आलं, 'अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका', तर समोर उभा असलेला शेतकरी काय म्हणेल? केंद्रवाला त्याच रात्री अपडेट कायमचं बंद करून टाकतो. आणि बऱ्याच मशीनवर विंडोजच बिनलायसनची असते. अपडेट केलं तर पडदा काळा होईल, या धास्तीने आधीच बंद करून ठेवलेली. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो.

इथवर आम्ही तुमच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करायचा आणि पैसे मागायचा. लोकांना वाटतं, एक्सपीवाले बुडाले. खरं तर बाधित मशीनमध्ये बहुतेक विंडोज 7 ची होती, आणि तिच्यासाठीचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्या आधी दोन महिने, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नोटपेट्या आला. त्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम ठप्प केलं. ज्या दारातून वॉनाक्राय शिरला, ते दार यानेही वापरलं. म्हणजे 'एवढ्या लांब आपल्याकडे कोण येतंय' हा हिशेब चुकीचा आहे. कुणी येत नाही. प्रोग्राम येतो, आणि त्याला पुणे-मुंबई आणि पाटोदा-आष्टी यांतला फरक कळत नाही.

आता त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर बघा. 'स्कॅन' नावाचं फोल्डर. त्यात शेकडो माणसांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे, सह्या, फोटो. ही माणसं झेरॉक्सला आली, फॉर्म भरून गेली. त्यांना माहीतही नाही की त्यांचे कागद तिथं तीन-तीन वर्षं पडून आहेत. चालू मशीनला हात लावायचा नाही हा निर्णय मालकाचा, आणि जोखीम त्या माणसांची. आमचं भांडण आहे ते इथं. स्वतःच्या पत्रिकांचं काय करायचं ते मालकाने ठरवावं. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या माणसाचं पासबुक त्याच मशीनवर ठेवायचा अधिकार मालकाला नाही.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही मुदत संपली. घरगुती वापराला काही अटींवर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण ते नुसतं दम घेण्यापुरतं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे 2017 च्या आधीची चांगली चालणारी मशीनं कंपनीच्या लेखी बाद. हे आम्हालाही पटत नाही. पण पटत नाही म्हणून भोक बुजत नाही.

मग करायचं काय? आमचा क्रम आता उलटा झालाय. आधी विंडोज बदलायची नाही, आधी मजकूर बदलायचा. फाँटचं फोल्डर, सीडी, लॉक, सगळं जपून ठेवायचं. मग जुन्या फाइली ज्या फाँटमधल्या आहेत, नेमक्या त्याच फाँटच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायच्या. आणल्यावर डोळ्यांनी वाचायच्या. जुन्या टायपिंगमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी पडते आणि रफार शेवटी. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. तिथं गडबड होते. आणि एक शब्द हमखास तपासा: शेतकऱ्यांना. यातला र बिघडून 'शेतकर्यांना' होतो. ज्या जिल्ह्यात निम्मे अर्ज याच शब्दाने सुरू होतात, तिथं तो तरी नीट असावा.

बोटांची काळजी करू नका. वीस वर्षं रेमिंग्टनवर टायपिंग केलेल्यांना वाटतं, युनिकोड म्हणजे पुन्हा अ आ इ ई. तसं नाही. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावं, एवढंच.

एक प्रश्न आलाय: नवीन घेतल्यावर जुनं मशीन भंगारात द्यायचं का? नाही, लगेच नाही. त्याची नेटची वायर काढा, वायफाय काढा, स्कॅनचं फोल्डर कायमचं पुसा, आणि ते फक्त जुन्या पत्रिका उघडायला ठेवा. पेनड्राइव्ह लावायचाच तर तपासलेला. ऑनलाइन फॉर्म त्यावर एकही भरायचा नाही. नवीन मशीन परवडत नसेल तर लिनक्स आहे, सी-डॅकची बॉस आहे, पैसे लागत नाहीत. पण अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का ते आधी बघा. सेवा केंद्राचं अडतं ते बहुधा तिथंच. विकायचंच असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या.

आमच्या त्या छापखान्यात आता दोन मशीनं आहेत. योग्य आवृत्तीचा फाँट शेवटी एका निवृत्त ऑपरेटरच्या घरी, जुन्या फ्लॉपींच्या डब्यातल्या सीडीवर सापडला. मालक रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी दोन-चार फाइली युनिकोडमध्ये आणतात. साप्ताहिकाचे अंक मागून पुढे चाललेत; गेल्या आठवड्यात 2011 पर्यंत आले होते.