साठीच्या आधीच

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाला डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला की घरच्यांचा विश्वासच बसत नाही. पासष्टीच्या आत सुरू होणारा हा आजार विरळा खरा. पण येतो तेव्हा मुलं शिकत असतात, पीककर्ज फिटायचं असतं. आणि पहिला घाव बसतो तो नवरा-बायकोच्या नात्यावर.

ज्या बाईंमुळे अल्झायमर आजार जगाला कळला, त्या ऑगस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. पती रेल्वेत कारकून. सुरुवातीला त्यांच्या विसरण्यापेक्षा नवऱ्यावरचा संशयच डोळ्यांत भरला होता. पुढे डॉ. अल्झायमर यांनी पतीचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं!

माझं गाव चुडावा. कुणाची नांदेडची गाडी चुकली तरी इथं चार घरांना कळतं. मग बायको संशय घेते म्हटल्यावर लोक नवऱ्याकडेच बोट दाखवणार. अशा वेळी मी सांगते, पुरावे देत बसू नका. हा संशय आजाराचा आहे, तो वादाने जात नाही. ‘घाबरलीस का?’ एवढं विचारावं, जवळ बसावं.

अर्थात तपासणीआधी शिक्का मारू नये. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, दारू यांनीही स्मरण ढासळतं आणि त्यांवर उपचार आहेत.

निदान पक्कं झालं की वडीलधारे म्हणतात, ‘तिला सांगू नका.’ मला हे पटत नाही. सुरुवातीला माणसाला पुष्कळ कळत असतं. आपल्या पाठीमागे कुजबुज चालते हेही कळतं. दोघांना एकत्र सांगावं. शेत कोणी पाहायचं, बँकेचं काय, पुढे कोणाजवळ राहायचं, हे तिच्या तोंडून ऐकायची वेळ हीच असते.

सांभाळणाऱ्या जोडीदाराचं दुःख वेगळंच. माणूस डोळ्यांसमोर असताना त्याचं जाणं सोसायचं! या दुःखाला सुतक नाही, भेटायला कोणी येत नाही. चिडचिड होते, मग स्वतःचीच लाज वाटते. दीर-नणंदांनी नुसते सल्ले देण्यापेक्षा आठवड्यातली एक दुपार घरी येऊन बसावं. रात्री-अपरात्री जीव घाबरला, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे आणि जोडीदारानेही तिथं फोन करावा.