आधी पाऊस मोजा, मग नर दाखवा

मुंबई-पुण्याहून आणलेली, कागद असलेली लॅब्रॅडॉरची मादी दीड-दोन वर्षांची झाली की घरात विषय निघतो: एकदा पिल्लं होऊ द्यावीत का? ‘मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, नाहीतर तब्येत बिघडते’ असं सांगणारं कुणीतरी असतंच. त्यात तथ्य नाही. हौस असेल आणि पिल्लांना घरं मिळणार असतील, तरच पुढे जावं. लॅब्रॅडॉरला एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात, आणि ‘मला एक ठेवा हं’ म्हणणाऱ्यांतले निम्मे ऐन वेळी फोन उचलत नाहीत.

महाडजवळच्या आमच्या शिवथरच्या खोऱ्यात तयारीची सुरुवात पावसाच्या हिशेबाने करावी. मादी सहा-सात महिन्यांनी माजावर येते. माज दिसल्यापासून नर दाखवेपर्यंत दहा-बारा दिवस आणि त्यापुढे गाभणपणाचे साधारण ६३ दिवस धरले, तर माजापासून वेतापर्यंत अडीच महिने होतात. म्हणजे एप्रिलमध्ये माजावर आलेली मादी जूनअखेर व्याणार. तेव्हा वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो, अंथरूण वाळत नाही, आणि व्याताना अडली तर डॉक्टरकडे जाणारा रस्ता उघडा असेलच असं नाही. महाडचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहे, पण तिथलं मुख्य काम गाई-म्हशींचं. मोठी सोय म्हणजे घाटावर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. तिकडे जायचं तर वरंधा घाट चढून भोरमार्गे, आणि पावसाळ्यात दरडींच्या भीतीने नेमका तोच घाट बंद ठेवावा लागतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं आणि तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा माणसांनाही दवाखाना गाठणं कठीण झालं होतं.

म्हणून मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा माज सरळ सोडून द्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबरचा माज उत्तम. मधला माज सोडण्यात नुकसान काही नाही, कारण कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. मादी किमान अठरा महिन्यांची हवी, आठ वर्षांपुढची चालत नाही. पिल्लं विकायची असतील तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते. पिल्लांना केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद हवे असतील, तर आई आणि बाप दोघेही तिथे नोंदलेले असले पाहिजेत. पण कागद फक्त वंश सांगतो, तब्येत सांगत नाही.

तब्येतीसाठी लॅब्रॅडॉरच्या खुब्यांचा एक्स-रे काढतात. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिल्लांत उतरतो, आणि पक्का निर्वाळा दोन वर्षांनंतरच्या एक्स-रेवरच मिळतो. पहिला माज घाईने न साधण्याचं हेही एक कारण. नर-मादी दोघांची ब्रुसेला तपासणी करावी, कारण हा जंतू गर्भ पाडतो आणि माणसालाही लागू शकतो. आपल्याकडे गोचीड फार, म्हणून गोचीडतापाची रक्ततपासणीही त्याच वेळी उरकावी. लस आणि जंताचं औषध नर दाखवण्याआधीच झालेलं बरं.

माजाचा पहिला आठवडाभर लाल स्राव दिसतो. नर घुटमळतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिकट होतो आणि ती शेपूट बाजूला करून उभी राहते. बहुतेक लोक ‘अकरावा दिवस, तेरावा दिवस’ असं बोटावर मोजतात, पण प्रत्येक मादीचं गणित वेगळं असतं. खात्री हवी तर प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करावी. आकडा पाचच्या आसपास गेला की बीज सुटतं, मात्र ते पिकायला आणखी दोन दिवस लागतात. नर तेव्हा दाखवायचा. जुळल्यावर दोघं पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकून राहतात. ओढाताण करू नये, पाणी तर मुळीच ओतू नये. नराच्या मालकाला पैसे द्यायचे की पिल्लू, आणि पिल्लू तर कितवी निवड त्याची, हे आधीच कागदावर घ्यावं. भांडणं इथेच होतात.

पुढचा आठवडाभरही मादीला एकटी सोडू नये. गावातल्या कुत्र्याने संधी साधली तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात आणि सगळ्या कागदांवर पाणी पडतं.

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत गाभण असल्याचं कळतं. पंचावन्नाव्या दिवसानंतरच्या एक्स-रेत पिल्लं मोजता येतात, आणि व्याताना शेवटचं पिल्लू आलं की नाही हे त्या आकड्यावरूनच ठरतं. खाणं पाचव्या आठवड्यापर्यंत नेहमीचंच ठेवावं, मग हळूहळू वाढवावं. कॅल्शियमचं टॉनिक मात्र गाभणपणी स्वतःच्या मनाने पाजू नये. बाहेरून आयतं मिळू लागलं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मोडते. मग व्याल्यानंतर दूध वेगाने उतरू लागलं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि मादी थरथरायला लागते, झटके येतात. तशी लक्षणं दिसली तर तासाभराचाही उशीर नको.

व्याण्याची जागा माजघराच्या कोपऱ्यात करावी. पडवी किंवा गोठा नको, कारण या भागात बिबट्या फिरतो. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. एरवीचा १०१-१०२ फॅरनहाइटचा पारा ९९ च्या खाली उतरला की चोवीस तासांत व्यायला सुरुवात होते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, आत पिल्लं असताना दोन तास काहीच होत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर थांबू नये, गाडी काढावी. गाडी, चालक आणि डॉक्टरांचा नंबर आदल्या आठवड्यात पक्का झालेला असला पाहिजे.

नवजात पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, आणि डिसेंबरच्या रात्री वीज गेली तर फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. किचनच्या काट्यावर रोज वजन घ्यावं. दहा दिवसांत ते दुप्पट होतं. एखाद्याचं वजन एक दिवसही घटलं तर ते मागे पडतंय असं समजून त्याला आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या सडांना लावावं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, जंताचं औषध दोन आठवड्यांनी सुरू होतं, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, आणि कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नये. देताना लसीचं कार्ड आणि चालू खाण्याचा थोडा साठा बरोबर द्यावा. पाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घ्यायची आपली तयारी आहे, हेही त्याच वेळी सांगून ठेवावं.