रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम

रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम हा वाल्मीकी रामायणावर आधारित, १९९२ साली पूर्ण झालेला भारतीय-जपानी ॲनिमेशनपट आहे. त्याची निर्मिती युगो साको यांनी केली. दिग्दर्शन साको, कोइची सासाकी आणि मुंबईतील ॲनिमेशनकार राम मोहन यांचे आहे. भारतात दीर्घकाळ मुख्यतः दूरचित्रवाणीवरून परिचित असलेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी ४-के स्वरूपात भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला.

पार्श्वभूमी

पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळील उत्खननावर माहितीपट करण्यासाठी साको १९८३ साली भारतात आले होते. त्या निमित्ताने त्यांचा रामकथेशी परिचय झाला आणि त्यांनी रामायणाची अनेक जपानी रूपांतरे वाचली. राम हा मानवी रूपातील देव असल्याने त्याच्या चित्रणास जिवंत नटापेक्षा रेखाचित्र अधिक योग्य ठरेल, असे त्यांचे मत बनले. मात्र माहितीपटाविषयीच्या एका चुकीच्या बातमीमुळे गैरसमज पसरला व विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला. पुढे हा गैरसमज दूर झाला. तथापि, रामायणासारखा संवेदनशील विषय व्यंगचित्ररूपात दाखवणे उचित नाही, या कारणास्तव संयुक्त निर्मितीचा प्रस्ताव भारत सरकारने नाकारला.

निर्मिती

त्यामुळे चित्रपटाचे मुख्य काम जपानमध्ये झाले. सुमारे ४५० कलावंतांनी त्यात भाग घेतला. संगणकीय रेखाटन रूढ होण्यापूर्वीचा हा चित्रपट असल्याने त्यातील चित्रे हाताने काढून रंगवलेली आहेत. वेशभूषा, वास्तू, चालीरीती व हावभाव यांबाबत भारतीय कलावंतांनी जपानी सहकाऱ्यांना मार्गदर्शन केले. राम मोहन यांनी १९५६ पासून मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात काम केले होते. २०१४ साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. चित्रपटाचे संगीत वनराज भाटिया यांचे असून मूळ इंग्रजी आवृत्तीतील गीते संस्कृत आहेत. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांनी व रावणाला अमरीश पुरी यांनी आवाज दिला, तर निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे आहे.

प्रदर्शन व विस्मरण

जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्लीतील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवण्यात आला. त्याच्या काही आठवडे आधी, ६ डिसेंबर १९९२ रोजी, अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली होती. अशा तणावाच्या काळात चित्रपटास भारतातील चित्रपटगृहांत व्यापक प्रदर्शन लाभले नाही. पुढे दूरचित्रवाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांमुळे तो एका पिढीच्या बालपणीच्या आठवणींचा भाग बनला. अमेरिकेत जेम्स अर्ल जोन्स यांच्या निवेदनासह त्याची वेगळी इंग्रजी आवृत्ती निघाली.

पुनर्शोध

जुन्या जपानी ॲनिमेशनपटांचा पुनर्शोध वेगवेगळ्या प्रकारे झाला आहे. मित्सुयो सेओ दिग्दर्शित 'मोमोतारो: उमि नो शिनपेइ' (१९४५) हा चित्रपट नष्ट झाला असे मानले जात होते, १९८०च्या दशकात निर्मितीसंस्थेच्या गोदामात त्याची निगेटिव्ह सापडली. 'द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' मात्र कधीच हरवला नव्हता. त्याच्या प्रती उपलब्ध होत्या. अभाव होता तो मोठ्या पडद्याचा. २०२५ साली तो हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी भाषांत चित्रपटगृहांत आला. साको यांचे २०१२ साली आणि राम मोहन यांचे २०१९ साली निधन झाल्याने दोघांनाही हे प्रदर्शन पाहता आले नाही.