प्रतिस्पर्धी संघाचे सांख्यिकीय निरीक्षण (बास्केटबॉल)

सामन्यापूर्वी विरुद्ध संघाच्या मागील आकडेवारीवरून त्याची बलस्थाने व उणिवा ओळखण्याची ही पद्धत होय. अमेरिकी विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे चार घटक मांडले: नेमबाजीची परिणामकारकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, रिबाउंड आणि फ्री थ्रो.

गणन
फ्री थ्रो वगळून केलेल्या यशस्वी फेकींच्या संख्येत तीन गुणांच्या यशस्वी फेकींची निम्मी संख्या मिळवून एकूण प्रयत्नांनी भागल्यास परिणामकारकता मिळते. उदाहरणार्थ, ६० प्रयत्नांत २४ फेकी यशस्वी व त्यांपैकी ६ तीन गुणांच्या असल्यास ती ४५ टक्के होते. अशा संघाविरुद्ध दूरच्या नेमबाजांना मोकळे सोडणे महागात पडते.

महाविद्यालयीन स्तर
परभणी जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रात येतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी ही पद्धत केवळ वही-पेन्सिलीनेही वापरता येते. मात्र अधिकृत गुणपत्रकात गुण, फाउल व टाइम-आउट नोंदवले जातात. हुकलेल्या फेकी नाहीत. त्यामुळे प्रेक्षकांत बसून प्रत्येक प्रयत्न टिपणारा नोंदकर्ता आवश्यक ठरतो.

मर्यादा
एकाच सामन्याच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.